अंगणात ‘ब्लू बीटल’ सिनेमा लावताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात आमच्या अंगणात ‘ब्लू बीटल’ हा सुपरहिरोचा सिनेमा दोनदा लावला. पहिल्यांदा पार फसला, आठ दिवसांनी जमला. मामाच्या गावाला आलेले पोट्टे, काकाजी, आजी, शेजारच्या दोन बाया, एवढेच प्रेक्षक. (ओटीटीचं सबस्क्रिप्शन घरापुरतं असतं. चौकात मंडळाच्या नावानं लावायचा तर रीतसर परवाना काढा.)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुरुवात पळवणं. “मारामारी लाव ना दादा” असा गलका झाला आणि मी सरळ सुपरहिरो तयार होतो तिथं गेलो. २०२३ चा हा सिनेमा, पण त्याची गोष्ट सुपरहिरो तयार होण्याआधीच सुरू झालेली असते. हायमे रेयेस हा मेक्सिकन वंशाच्या घरातला पोरगा पदवी घेऊन गावी येतो, तर बापाचं गॅरेज बुडालेलं, बापाला हृदयाचा त्रास झालेला आणि राहतं घरही जायच्या बेतात. हे त्याला आल्या आल्या कोणी सांगत नाही, आधी सगळे हसून गळ्यात पडतात. पुण्याहून पोरगं आलं की आपल्याकडं कर्जाचं बोलणं त्याचं जेवण होईस्तोवर लांबवतात, तसंच. हे मी पळवलं, म्हणून पुढं बाप मरतो तेव्हा पोट्टे चिप्सची पुडी फोडत बसले. त्यांचं काय चुकलं? त्यांना बाप भेटलाच नव्हता.

ज्या परग्रहावरच्या यांत्रिक किड्यामुळे हायमे सुपरहिरो होतो, तो बर्गरच्या डब्यात येतो. ‘उघडू नको’ असं बजावलेलं असतं आणि अख्खं घर भोवती जमून ‘उघड, उघड’ करतं. दुसऱ्या वेळी इथं काकाजी इतके हसले की बाज करकरली.

दुसरी चूक नावाची. सिनेमातल्या ‘कॉर्ड’ कंपनीची मालकीण व्हिक्टोरिया कॉर्ड आपल्याच शास्त्रज्ञाला सतत ‘सांचेझ’ म्हणते. त्याचं नाव ते नाहीच, शेवटी तो ओरडून सांगतो. पोट्टे दर खेपेला खिदळले आणि मीही खिदळलो. दुसऱ्या वेळी थांबवून एवढंच विचारलं, “ते त्याचं नाव काहून विचारत नाही?” सातवीतला एक म्हणाला, “तिले गरजच नाही.” मग तोच म्हणाला, “आपल्याकडे तं पुरं नाव सांग म्हणतात.” खरं आहे. तिथं नाव विचारतच नाहीत आणि आपल्याकडं आडनाव येईस्तोवर विचारत राहतात. यावर मी भाषण सुरू करणार होतो, तेवढ्यात काकाजींनी “लाव पुढं” म्हणून वाचवलं. हायमेची बहीण मिलाग्रो म्हणते की अशा लोकांना आपण दिसतच नाही, तीच आपली शक्ती. तिथं तर मी थांबवलंही नाही. एकदाच थांबवा, नाहीतर शाळा भरते.

आता यंत्राचं. उजेडात सुरू करू नका. मे महिन्यात आमच्याकडं साडेसातच्या आधी नीट अंधार पडत नाही आणि सिनेमा दोन तास सात मिनिटांचा आहे. जेवणं आधी उरका. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो, म्हणून ती दुहेरी करा किंवा चुन्याची भिंत वापरा. खालच्या काठाला बांबू बांधा. आमची चादर वाऱ्यानं फुगली आणि नायकाचं पोट सुटलं.

प्रोजेक्टर तापून आपोआप बंद पडला, तर मी शहाण्यासारखा कूलर त्याच्याकडं वळवला. असं अजिबात करू नका, दमट हवा आणि पाण्याचे तुषार थेट यंत्रात जातात. साधा टेबल फॅन पुरे, आणि यंत्राच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. लाइन गेली आणि लगेच आली तरी यंत्र थोडं थंड होऊ द्या. ब्लूटूथ स्पीकरचा आवाज ओठांच्या मागं पडत असेल तर वायर लावा. किड्यांसाठी दूर एक पांढरा बल्ब टांगला की बरेचसे तिकडं जातात. हिंदी आवाज असेल तर तोच निवडा. मूळ इंग्रजी लावलात तर आजीचं बरंच बोलणं स्पॅनिशमध्ये आहे, सबटायटल बंद ठेवू नका.

आणि म्हाताऱ्यांना मागं बसवू नका. पहिल्या रात्री आमची आजी सपरीत होती, दहा मिनिटांत झोपली. तिला वाटलं, पोरांचा खेळ आहे. दुसऱ्या वेळी तिची बाज सगळ्यांत पुढं टाकली. या सिनेमात नायक पकडला जातो, तेव्हा त्याला सोडवायला घरचेच निघतात. आई, बहीण आणि जुगाडू काका रुडी तर असतातच, पण त्यांची नाना, म्हणजे आजी, भलीमोठी बंदूक घेऊन उतरते. बंदूक तिला नवी नाही, ती जुनी क्रांतिकारक. आमच्या आजीनं पदर खोचला आणि उठून बसली. तो भाग तीनदा मागं घ्यावा लागला.

दिवे लावले तेव्हा पोट्टे किड्याच्या चिलखतावर भांडत होते. आजी मला म्हणाली, “त्या बुढीच्या जवानपणाचा शिनेमा नाही काढला का रे बाप्पा?”