घोडा ड्रेसाज आणि जंपिंगसाठी घडवताना : खोगीर तपासा

गेल्या हिवाळ्यात माझी घोडी 2 फुटांच्या अडथळ्यासमोर रोज अडू लागली. मी तिला हट्टी ठरवले आणि टाच वाढवली. दोष खोगिराचा होता.

दाणापाणी, खरारा यांविषयी सांगायला नको. नालबंद दर 6 ते 8 आठवड्यांनी. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या घोड्याला रेवाल (स्वाराला धक्का न देणारी जलद) चाल लावलेली असेल, तर आधी त्याच्याकडून स्वच्छ, दोन ठोक्यांची दुडकी मिळवावी, कारण लय बसल्याशिवाय ड्रेसाजमधले (चाली आणि आकृत्या अचूक करून दाखवण्याच्या प्रकारातले) पुढचे काहीच बसत नाही. 20 मीटरचे वर्तुळ डावीउजवीकडे सारखेच जमेपर्यंत 10 मीटरच्या वर्तुळाची घाई करू नये.

आणि खोगीर तपासावे. काम नीट चालले असेल, तर दोन-तीन महिन्यांत पाठीचे स्नायू भरतात, पाठीचा आकार बदलतो आणि सुरुवातीला बेताचे बसलेले खोगीर खांद्यामागे रुतू लागते. घोडा सुधारतो म्हणूनच खोगीर बसेनासे होते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. रोज काम संपल्यावर खोगीर उतरवून पाठ पाहावी. माझ्या घोडीच्या घामेजलेल्या पाठीवर, डाव्या खांद्यामागे, रुपयाएवढे दोन कोरडे डाग होते. मोतद्दाराने बोट ठेवून दाखवले, तरी मी ते मनावर घेतले नाही. दाब जास्त पडतो तिथे घाम येत नाही. तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडा कान मागे टाकू लागला, तर त्याच दिवशी खोगीर तपासावे. खोगिराखाली जाड नमदा (लोकरीची गादी) घालून वेळ मारून नेऊ नये. त्याने जागा आणखी आवळते.

उड्यांसाठी जमीन महत्त्वाची. नाशिकची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि पावसाळ्यात पाय घसरतो, त्यामुळे वाळूचे मैदान नसेल तर उडीच नको. दम आणि स्नायू लवकर तयार होतात, कंडरांना महिने लागतात. म्हणून आठवड्यात दोनच दिवस उड्या. आधी जमिनीवर साधारण 1.3 मीटर अंतराने दांडे ठेवून दुडकी, मग फुलीचा अडथळा (दोन दांडे एकमेकांवर तिरपे), मग उंची. उंची वाढवण्यापूर्वी खोगीर. होय, पुन्हा.

एप्रिल-मेमध्ये काम सकाळी आठच्या आत आटोपावे.

स्पर्धेच्या आठवड्यात नवे काही शिकवू नये. लसीकरणाचे कागद, गाडीत चढण्याचा सराव. खोगीर निघण्याच्या आठवडाभर आधी तपासून घ्यावे, आदल्या रात्री नव्हे.