ऑस्ट्रेलियाच्या आडरस्त्यावर गाडी बंद पडली तर : खिसा कसा सांभाळावा

पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा स्टुअर्ट हायवे सुमारे २,७०० किलोमीटरचा आहे. रस्ता पूर्ण डांबरी, बराचसा नाकासमोर सरळ, वाहतूक नावापुरती. साधी शहरी गाडीही तो आरामात कापते, म्हणूनच मेलबर्न-ॲडलेडची कितीतरी मराठी कुटुंबं शाळेच्या सुट्टीत आपली दहा-बारा वर्षांची गाडी काढून उलुरूकडे, म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातल्या त्या प्रचंड लाल खडकाकडे, निघतात. गाडी बंद पडली, तर इथे सगळ्यात महाग पडतं ते अंतर. शहरात वॉटर पंप गेला तर संध्याकाळपर्यंत गाडी हातात येते. तोच पंप कूबर पेडी या वाळवंटातल्या गावाच्या अलीकडे गेला, की टोइंग आलं, पार्ट दक्षिणेहून ट्रकने येईपर्यंत मोटेलचं भाडं आलं, आणि शुक्रवारची दुपार असेल तर शनिवार-रविवारही आला. त्यामुळे तयारी करायची ती हे अंतर डोळ्यांसमोर ठेवून.

१. सर्व्हिसिंग दोन-तीन आठवडे आधी करा

आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून निघणं ही वाईट सवय आहे. नवा होज नीट बसला नसेल, क्लिप ढिली राहिली असेल, तर ते शंभर-दोनशे किलोमीटर चालवल्यावर कळतं. ते घराजवळ कळलेलं बरं.

मेकॅनिकला फक्त ‘सर्व्हिसिंग करा’ म्हणू नका. उन्हात, सामान भरून, दिवसाला सात-आठशे किलोमीटर जायचंय असं सांगा. मग त्याच्याकडून कूलंट, रेडिएटरचे होज, वॉटर पंप आणि फॅन बेल्ट नीट पाहून घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद सापडत नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा. अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच जातं. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर चाचणी करून घ्या.

स्टेपनी हा स्वतंत्र विषय आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत पूर्ण आकाराची स्टेपनी नसते, लहान, तात्पुरतं चाक असतं. त्यावर साधारण ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नसतं, आणि लांबही जायचं नसतं. काही गाड्यांत तेवढंही नसतं, नुसता पंक्चरचा डिंक आणि छोटा पंप असतो. टायरची बाजू फाटली तर तो डिंक काही कामाचा नाही. निघण्यापूर्वी डिकीचा तळ उचलून बघा आणि शक्य असेल तर पूर्ण आकाराचं चाक सोबत घ्या.

२. टोइंग किती किलोमीटरपर्यंत, ते वाचा

प्रत्येक राज्यात वाहनचालकांचे क्लब आहेत. वर्गणी भरलेल्या सभासदाची गाडी वाटेत बंद पडली की ते मदत पाठवतात, आणि एका राज्यातल्या सभासदाला दुसऱ्या राज्यातही मदत मिळते. पण सगळ्यात स्वस्त योजनेत टोइंगचं अंतर अगदी कमी असतं. पुढच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे तुमचे, आणि अनेकदा टो ट्रकच्या परतीच्या फेरीचेही. वरच्या योजनेत अंतर जास्त असतं, शिवाय मुक्काम आणि बदली गाडीचा काही खर्चही मिळतो. लांबच्या प्रवासापुरती तरी ती घ्या. गाडी बंद पडल्यावर तिथूनच सभासद व्हायला गेलात, तर जादा आकार लागतो.

३. खर्चाची मर्यादा घरीच ठरवा

गाडी आज विकली तर किती येतील, हा आकडा निघण्यापूर्वी काढून ठेवा. दुरुस्ती आणि टोइंग मिळून त्याच्या निम्म्यापुढे गेलं तर थांबायचं, असं मी सुचवेन. तुमची मर्यादा वेगळी असू शकते, पण ती घरी, चहा पिताना ठरलेली असावी. मुलं कंटाळलेली, बाहेर ४२ अंश, मेकॅनिक उत्तराची वाट बघतोय, अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

४. काटा वर चढला की लगेच थांबा

तापमानाचा काटा चढू लागला, की एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि सुरक्षित जागा दिसताच थांबा. ‘पुढचं रोडहाउस (हायवेवरचा पेट्रोल पंप आणि खाणावळ) वीस किलोमीटरवरच आहे’ या एका वाक्यापायी होजची किरकोळ दुरुस्ती हेड गॅस्केटपर्यंत, म्हणजे इंजिन उघडण्यापर्यंत, जाते. इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका. ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन त्याच क्षणी बंद. इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सहसा पुढच्या गावापर्यंत जपून जाता येतं. तो लुकलुकत असेल तर नाही.

गाडी सोडून चालत जाऊ नका. सावली गाडीचीच असते आणि शोधणाऱ्यालाही माणसाआधी गाडी दिसते. माणशी भरपूर पाणी डिकीत असू द्या. याच हायवेवरच्या ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी या सुमारे २५० किलोमीटरमध्ये पेट्रोल पंप नाही आणि मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. यूएचएफ रेडिओ (गाडीतला वॉकीटॉकी) असेल तर ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनेलवर असतात. आयफोन १४ किंवा त्यापुढच्या फोनवरून उपग्रहामार्फत आपत्कालीन संदेश जातो, पण तो जिवावर बेतलं तरच. रेंज असेल तर आपत्कालीन क्रमांक ०००.

पहाटे आणि तिन्हीसांजेला गाडी चालवूच नका. कांगारू आडवा आला की रेडिएटर आणि दिवे जातात, आणि हा बिघाड कुठल्याही सर्व्हिसिंगने टळत नाही.

५. गॅरेजमध्ये आधी निदान, मग होकार

गावात गॅरेज एकच असलं तरी अंदाजपत्रक लेखी मागा. निदानाचे किती, पार्टचे किती, मजुरी किती, पार्ट कधी येणार, जीएसटी धरून का, हे सगळं. ठरलेल्या रकमेपुढे काम जाणार असेल तर आधी फोन करा, असं त्यावर लिहून घ्या. बिल चुकतं होईपर्यंत गॅरेज गाडी अडवून ठेवू शकतं, त्यामुळे वाद घालायचा तो काम सुरू होण्यापूर्वी.

मग तेच निदान फोनवरून आपल्या नेहमीच्या मेकॅनिकला ऐकवा. हमखास उपयोगी पडणारा प्रश्न एकच : ‘घरी पोहोचण्यापुरतं काय केलं तर चालेल?’ भंगारातल्या गाडीचा जुना पार्ट चालेल का, हेही विचारा. अल्टरनेटर, स्टार्टर अशा गोष्टींत बराच फरक पडतो.

६. भाड्याची गाडी असेल तर

दुरुस्ती स्वतःहून करायची नाही, आधी कंपनीला फोन. मात्र करार नीट वाचा. टायर, काच, गाडीत अडकलेली किल्ली, दिवे चालू राहून उतरलेली बॅटरी, हे बऱ्याचदा तुमच्याच खर्चात धरतात. कच्च्या रस्त्यावर नेलीत किंवा मनाई असताना गावाबाहेर रात्री चालवलीत, तर विम्याचं संरक्षणच जाऊ शकतं. आई-वडील भारतातून आले असतील आणि तेही चालवणार असतील, तर त्यांची नावं करारात घाला.

७. गाडी तिथेच सोडायची वेळ आली तर

ठरवलेली मर्यादा ओलांडली गेली, की दोनच वाटा : ट्रकवर चढवून घरी पाठवणं, नाहीतर तिथल्या भंगारवाल्याला देणं. रस्त्याकडेला टाकून निघून जाऊ नका, दंड आणि उचलून नेण्याचा खर्च मालकाच्या नावावर येतो. विकल्याची पावती घ्या, नंबरप्लेट काढा आणि आपल्या राज्यात नोंदणी रद्द करा, उरलेल्या महिन्यांचे पैसे बहुधा परत मिळतात. विम्याचंही तसंच. टोइंग, मोटेल, बस किंवा विमान, सगळ्या पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढा, कारण क्लब आणि विमा कंपनी दोघेही त्या मागतात, आणि उन्हात ठेवलेल्या पावतीवरची शाई लवकर उडते.