डॉक्सीसायक्लिनची गोळी घेताना या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की आमच्या औषधांच्या दुकानात डॉक्सीसायक्लिन लिहिलेल्या चिठ्ठ्या वाढू लागतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे भातशेतीच्या गावांत नुसता ‘लेप्टो’ म्हणून ओळखला जाणारा ताप, तसेच झाडाझुडपांतील बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस हा ताप, या दोन्हींवर हे जुने आणि स्वस्त प्रतिजैविक चांगले गुणकारी आहे. तरीही ‘गोळी लागू पडली नाही’ अशी तक्रार घेऊन माणसे परत येतात, आणि चौकशी केली की कारण बहुतेक वेळा गोळीत नव्हे, तर ती घेण्याच्या पद्धतीत सापडते.

गेल्या श्रावणात लावणी आटोपलेले एक शेतकरी चौथ्या दिवशी दुकानात आले आणि छातीच्या मधोमध बोट ठेवून म्हणाले, “अहो, ही गोळी मला मानवत नाही. पाणी गिळलं तरी इथं टोचतंय.” रात्रीची गोळी ते अंथरुणावर बसून, उशाशी ठेवलेल्या तांब्यातील दोन घोट पाण्याबरोबर घेत आणि लगेच आडवे होत. डॉक्सीसायक्लिन विरघळताना आम्लधर्मी होते. ती अन्ननलिकेत चिकटून राहिली तर तिथल्या नाजूक अस्तराला भाजल्यासारखी जखम होते. म्हणून ही गोळी भरलेल्या पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्यानेच घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. चिठ्ठीवर १-०-१ असे लिहिलेले असले, तर त्यातला शेवटचा १ हा झोपण्याच्या वेळेचा नसून रात्रीच्या जेवणाच्या वेळेचा समजावा.

त्यांची दुसरी चूक पहिलीतूनच निघाली होती. जळजळ होते म्हणून घरच्यांनी त्यांना गोळीबरोबरच पित्ताचे पातळ औषध द्यायला सुरुवात केली. अशा औषधांत बहुधा अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते पोटातच डॉक्सीसायक्लिनला बांधून ठेवतात आणि औषध रक्तात पुरेसे उतरत नाही. परिणामी ताप रेंगाळला, आणि गोळी निरुपयोगी आहे असे समजून त्यांनी ती स्वतःच बंद केली. एकेक पाऊल पाहिले तर प्रत्येक समजण्यासारखे होते, पण तिन्ही मिळून उपचार फसला. मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत पाठवले, कारण गिळताना दुखणे हे दुकानात उभ्या उभ्या निस्तरण्याचे दुखणे नव्हे.

पित्ताच्या औषधाला जो नियम, तोच लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि झिंकच्या गोळ्यांना लागू आहे: डॉक्सीसायक्लिन आणि या गोळ्या यांच्यात दोन ते तीन तासांचे अंतर ठेवावे. ‘अँटिबायोटिक उष्ण पडते’ म्हणून ती दुधाबरोबर घेण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, परंतु दुधातील कॅल्शियममुळे या औषधाचे शोषण काही प्रमाणात घटते. मळमळत असेल तर पोळी-भाजी किंवा भात खाऊन गोळी घ्यावी. तेवढ्याने पोटही सांभाळले जाते आणि औषधाचा परिणामही फारसा कमी होत नाही.

हे औषध चालू असताना त्वचा उन्हाला नेहमीपेक्षा लवकर भाजते. बांधावर काम करणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी वापरावी.

सौम्य लेप्टोसाठी प्रौढांना साधारणतः १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, ७ दिवस दिली जाते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी राखून ठेवणे ही चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण पुढचा ताप डेंग्यूचा असू शकतो आणि विषाणूवर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग नसतो. औषध किती दिवस घ्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे. एखादी मात्रा चुकली तर आठवताच घ्यावी. पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत. मुदत संपलेली गोळी तर मुळीच घेऊ नये, कारण डॉक्सीसायक्लिन ज्या टेट्रासायक्लिन गटात मोडते, त्या गटातील खराब झालेल्या जुन्या औषधाने मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी १९६० च्या दशकात झालेल्या आहेत.

शेजाऱ्याची गोळी मागून घेणेही तितकेच धोक्याचे आहे. तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्या मुंबईकरांना लेप्टो टाळण्यासाठी ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ला घेण्यास महापालिका सांगते, पण त्याचा अर्थ एकच पाकीट घरभर वाटावे असा होत नाही. गर्भवतींना आणि ८ वर्षांखालील मुलांना डॉक्सीसायक्लिन सहसा देत नाहीत. वाढत्या वयात दातांवर कायमचे डाग पडण्याची भीती असते. रक्त पातळ करणारी, फिट्सची किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन ही औषधे चालू असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. पाकिटावरची तांबडी उभी रेघ हेच सांगत असते की हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही.

अंगावर चट्टे, चेहऱ्याला सूज, श्वास घ्यायला त्रास, रक्त पडणारे किंवा न थांबणारे जुलाब, अथवा तीव्र डोकेदुखीसह धूसर दिसणे यांपैकी काहीही झाले तर पुढची गोळी न घेता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. तापाच्या रुग्णाचे डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली किंवा धाप लागू लागली, तर घरी गोळ्यांवर विसंबून न राहता थेट रुग्णालय गाठावे, आणि जाताना अर्धे संपलेले पाकीट बरोबर न्यावे, म्हणजे कोणते औषध किती पोटात गेले आहे हे तिथल्या डॉक्टरांना लगेच कळेल.