पुरुषांची गुप्तरोग तपासणी: कोणती, कधी आणि गोव्यात कुठे

आखातात नोकरीला जाताना मेडिकल होतं. त्यात एचआयव्ही, कावीळ बी आणि सिफिलिससाठी रक्त बघतात. रिपोर्ट 'फिट' आला की बहुतेक पुरुष आपल्याला काहीच नाही असं धरून चालतात. पण गनोरिया आणि क्लॅमिडिया हे दोन गुप्तरोग या मेडिकलमध्ये येत नाहीत. ते शोधायला लघवी किंवा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, लागतो. बायकांची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी निदान गरोदरपणात तरी होते. पुरुषाला तसा ठरलेला टप्पा नाही, त्यामुळे तो पू आला किंवा जळजळ झाली की मगच दवाखाना गाठतो. क्लॅमिडिया झालेल्या पुरुषांपैकी निदान निम्म्यांना मात्र काहीच त्रास जाणवत नाही.

आधी तारीख आणि जागा लिहून काढा

शेवटचा असुरक्षित संबंध कोणत्या तारखेला आला आणि तो कसा होता, म्हणजे लिंग, तोंड, गुदद्वार यांपैकी कुठे, हे कागदावर मांडा. कोणती चाचणी आणि ती कधी, हे या दोन गोष्टींवरच ठरतं.

72 तास झालेले नसतील तर चाचणीचा विचार मागे ठेवा आणि थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिल्हा इस्पितळात जाऊन 'पेप'च्या गोळ्यांबद्दल विचारा. एचआयव्ही टाळण्यासाठीचा हा 28 दिवसांचा कोर्स आहे. जितक्या लवकर सुरू होईल तितका बरा. 72 तासांनंतर तो देत नाहीत.

वेळ उलटून गेली असेल तर तारखेवरून हिशोब करा. गनोरिया आणि क्लॅमिडियासाठी दोन आठवडे थांबा. लॅबमधल्या चौथ्या पिढीच्या (प्रतिपिंडं आणि विषाणूचा अंश दोन्ही शोधणाऱ्या) एचआयव्ही चाचणीचा निगेटिव्ह निकाल 45 दिवसांनी भरवशाचा ठरतो. बोट टोचून करतात त्या रॅपिड चाचणीला पूर्ण तीन महिने द्यावे लागतात. सिफिलिसचं रक्त सहा आठवड्यांनी द्या, पुन्हा तीन महिन्यांनी द्या. संबंधानंतर चौथ्या दिवशी घाबरून केलेली रक्ततपासणी निगेटिव्ह येते आणि माणूस निर्धास्त होतो, हीच सर्वांत जास्त होणारी चूक. लक्षण दिसत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.

कुठे जायचं

एचआयव्हीसाठी आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. चाचणी मोफत आणि गोपनीय असते. गुप्तरोगांसाठी सरकारी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. गोमेकॉ, म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ इथे चौकशी करा. जवळचं केंद्र कोणतं, हे 1097 या टोल फ्री क्रमांकावर कळतं.

गोवा लहान. रांगेत ओळखीचं कोणी भेटेल म्हणून माणूस वर्षानुवर्षं जात नाही, आणि ही भीती खोटी नाही. तसं असेल तर दुसऱ्या तालुक्यातल्या केंद्रात जा, फोंड्याच्या माणसाने म्हापशाला जायला काहीच हरकत नाही. या भीतीला इतिहासही आहे. 1989 साली म्हापशाजवळच्या पर्रा गावच्या डॉमनिक डिसोझा यांच्या रक्तदानातून एचआयव्हीचं निदान झालं आणि सरकारी यंत्रणेने त्यांना 64 दिवस कोंडून ठेवलं. आता 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल बाहेर फोडता येत नाही.

नमुना नीट द्या

गनोरिया-क्लॅमिडियाची खरी चाचणी पीसीआर पद्धतीची, ज्याला लॅबवाले 'नॅट' म्हणतात. खासगी लॅबमध्ये हे दोन्ही शब्द सांगा, नाहीतर साधं युरिन कल्चर करून देतात.

द्यायच्या आधी निदान एक तास लघवी करू नका. लिंगाचं टोक धुऊ नका, पुसू नका. डबी आधीच हातात धरा आणि लघवीची पहिलीच धार तिच्यात घ्या, 20 ते 30 मिली. उरलेली संडासात जाऊ द्या. युरिन कल्चरसाठी मधली धार मागतात, इथे नेमकं उलटं आहे. जंतू मूत्रमार्गाच्या आतल्या बाजूला असतात आणि पहिली धार त्यांना धुऊन आणते. डबी काठोकाठ भरली तर नमुना पातळ होऊन थोडे असलेले जंतू हातचे निसटतात.

तोंडाने किंवा गुदद्वाराने संबंध आला असेल तर घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅब वेगळा मागून घ्या. लघवी स्वच्छ असूनही तिथे गनोरिया असू शकतो, आणि घशातला बहुधा दुखतही नाही. डॉक्टरने स्वतःहून विचारलं नाही तर तुम्ही सांगा. पुरुषांशी संबंध असलेल्यांनी तर सांगायलाच हवं. तेवढं एक वाक्य राहिलं की तपासणी चुकीच्या जागेची होते.

रक्तात एचआयव्ही, सिफिलिस, एचबीएसएजी (कावीळ बीची चाचणी) आणि कावीळ सी एवढं पुरे. हर्पिसची रक्तचाचणी घातलेलं महागडं 'पॅनल' घेऊ नका, तिने आत्ता काय झालंय ते सांगता येत नाही. हर्पिससाठी ताज्या फोडाचा स्वॅब लागतो. कावीळ बी निगेटिव्ह असेल आणि लस झाली नसेल तर ती घ्या: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी.

फार्मसीतून गोळी घेऊ नका

जळजळ सुरू झाली की फार्मसीतून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा उरलेली अझिथ्रोमायसिन घेतली जाते. सिप्रोला गनोरिया आता दाद देत नाही. दोन दिवस बरं वाटतं, जंतू अर्धवट दबतात आणि चाचणी फसवी निगेटिव्ह येते. सुरक्षा क्लिनिकमध्ये पू येत असेल तर राखाडी किट देतात: अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, समोर उभं करून एकदाच. नमुना त्याच्या आधी द्या.

सिफिलिसची जखम दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. रोग आत राहतो. तो पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने बरा करतात.

उपचारानंतर

जोडीदाराचेही उपचार झाले पाहिजेत. गनोरिया-क्लॅमिडियासाठी मागच्या 60 दिवसांतले सगळे जोडीदार धरतात. एकच डोस घेतला असेल तर पुढचे सात दिवस संबंध नको. नॅट लगेच परत करू नका, मेलेल्या जंतूंमुळेही ती काही आठवडे पॉझिटिव्ह दिसते. तीन महिन्यांनी करा, कारण पुन्हा लागण होण्याचं प्रमाण मोठं आहे.

सिफिलिसचे सगळे रिपोर्ट फाईलला लावून ठेवा. व्हीडीआरएल या सिफिलिसच्या रक्तचाचणीवर 1:32 सारखा आकडा असतो. उपचारानंतर तो किमान चारपट उतरायला हवा, म्हणजे 1:8 किंवा त्याखाली. टीपीएचए, म्हणजे सिफिलिसची दुसरी रक्तचाचणी, मात्र बरं झाल्यावरही बहुतेकांचा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहतो. पुढच्या मेडिकलला तो तसाच निघेल, तेव्हा इंजेक्शनची तारीख आणि उतरलेला आकडा दाखवणारा कागद हाताशी हवा.