स्टिअरिंग निघतं सोपं, बसतं वाकडं: घरी बदलताना या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला की चटका बसतो, यात नवीन काही नाही. पण असे दहा-बारा उन्हाळे काढले की स्टिअरिंग आधी चिकट होतं, मग त्याची सालं निघतात आणि तळहात काळे व्हायला लागतात. माझ्या जुन्या हॅचबॅकचं तेच झालं. कबाडीवाल्याकडून त्याच मॉडेलचं बरं स्टिअरिंग मिळालं आणि एका रविवारी सकाळी मानेवाड्यातल्या घरासमोर, कडुनिंबाच्या सावलीत मी काम काढलं. एक नट तर काढायचा, अर्ध्या तासात होईल, असा हिशेब. जेवायला चार वाजले.

खरं सांगायचं तर नुसतं चिकट झालेलं स्टिअरिंग बदलायची गरजच नसते. सुई-दोऱ्याने घट्ट शिवायचं कव्हर मिळतं, ते पुरतं. सैल, घसरणारं कव्हर मात्र नको. वळणावर स्टिअरिंग जागेवर राहतं आणि कव्हर तेवढं फिरतं.

आधी एअरबॅग आहे का ते बघा. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे आणि त्याआधीच्याही कित्येक गाड्यांत ती असते. मधल्या पॅडवर ‘एसआरएस’ किंवा ‘एअरबॅग’ लिहिलेलं असेल, तर पहिल्यांदाच हात काळे करणाऱ्याने तिथेच थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पॅडमध्ये फुटणारी दारू असते. बॅटरी काढल्यावरही सर्किटमध्ये थोडा वेळ करंट साठून राहतो. ‘वायर चालू आहे का बघू’ म्हणून एअरबॅगला मल्टिमीटर लावणं तर जिवावरचं. तेवढ्या करंटनेही ती उडू शकते. शिवाय स्टिअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे गुंडाळी केलेली चपटी पट्टीवायर. ती मध्यावरून दोन्ही बाजूंना मोजकेच फेरे फिरते. स्टिअरिंग काढलेलं असताना ती हाताने फिरली आणि तशीच बसवली, तर त्या दिवशी काही कळत नाही. पुढे कधीतरी पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेताना पट्टी तुटते, हॉर्न मुका होतो आणि मीटरवर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो. हे काम मेकॅनिकलाच द्या. वापरलेली एअरबॅग तर कबाडातून आणूच नका.

माझी गाडी विनाएअरबॅगची होती, त्यामुळे पुढचं सगळं तशाच गाड्यांबद्दल.

पहिली चूक मी पाना हातात घ्यायच्या आधीच केली होती. आदल्या रात्री गाडी जागेत बसावी म्हणून चाकं वळवून लावली होती आणि सकाळी स्टिअरिंग नजरेनेच सरळ केलं. तसं करू नका. गाडी शेवटचे दहा-पंधरा फूट सरळ रेषेत आणून थांबवा, मग चाकांना हात लावू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हॉर्नचं पॅड काढलं की मधला नट दिसतो. त्याला बरोबर बसणारी गोटीच (नटावर टोपीसारखं बसणारं सॉकेट) लावा. अंदाजाच्या पान्याने कडा गोल होतात. नट सोडवताना स्टिअरिंग एका हाताने घट्ट धरा. स्टिअरिंग लॉकच्या भरवशावर जोर लावला तर लॉकच मोडतं.

नट सैल झाला की शाफ्ट, म्हणजे स्टिअरिंग ज्यावर बसतं तो दांडा, आणि स्टिअरिंग या दोन्हींवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. दहा सेकंदांचं काम आहे. मी ते केलं नाही.

मग मी नट पूर्ण काढला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि अंगाशी ओढायला लागलो. वर्षानुवर्षं बसलेलं ते, हलेना. पाय टेकवून जोर केला तसं एकदम सुटलं आणि हनुवटीवर आदळलं. शेजारचे काका कूलरला पाणी भरत होते. ते म्हणाले, “नट पुरा काहून काढला बाप्पा? चार आटे राहू द्यायचे ना!” बरोबर होतं त्यांचं. नट तीन-चार आट्यांवर ठेवला की स्टिअरिंग सुटलं तरी तिथेच अडकतं. तरीही निघत नसेल तर पुलर, म्हणजे स्टिअरिंग ओढून काढायचं हत्यार, भाड्याने आणा. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारू नका: अपघातात आत दबावा अशा रचनेचा कॉलम (शाफ्ट ज्यात बसतो ती नळी) असतो, तो त्या ठोक्यांनी बिघडतो.

बसवल्यावर काय बिघडतं

स्टिअरिंग वाकडं बसणं, ही सगळ्यांची तक्रार. शाफ्टला दाते असतात. समजा ३६ दाते असतील, तर एक दाता म्हणजे १० अंश. वाकडेपणा एवढा किंवा जास्त असेल तर स्टिअरिंग काढून दाता बदला. त्याहून बराच कमी असेल तर दाते बदलून ते कधीच सरळ होणार नाही. व्हील अलाइनमेंट करून घ्या. मी हे न कळल्याने तीनदा काढलं-घातलं.

इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होत नसेल, तर स्टिअरिंगच्या मागची खाच आणि कॉलमवरची कळ जुळलेली नाही. जोर देऊन नट आवळू नका, कळ तुटेल.

हॉर्नची गंमत वेगळीच. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचं बटण फक्त अर्थिंग (गाडीच्या धातूशी जोड) जोडतं, म्हणजे वायर सोलून कुठे धातूला टेकली की हॉर्न वाजलाच. मी पॅड बसवताना वायर चेपली आणि बॅटरी जोडताच हॉर्न सुरू झाला. दुपारचे तीन, सगळी गल्ली कूलरपुढे झोपलेली. बॅटरी काढेपर्यंत तीन घरांची दारं उघडली होती. उलट हॉर्न वाजतच नसेल तर आधी फ्यूज बघा, मग स्टिअरिंगमागची पितळी रिंग आणि तिला टेकणारी स्प्रिंगची पिन.

नट किती आवळायचा, ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं. तेवढ्यापुरता टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, मागून आणा. ‘हाताला लागेल तेवढा’ हे माप इथे चालत नाही. आटे खराब झालेला नट परत वापरू नका. आधी गल्लीत हळू चालवून दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, मगच सकाळी रहदारी सुरू व्हायच्या आत वर्धा रोडसारख्या सरळ रस्त्यावर न्या. दोन-चार दिवसांनी पॅड काढून नट पुन्हा एकदा तपासा. माझा किंचित सैल झाला होता.