लॉगबुक कसं भरावं: इंदूरच्या शिकाऊ पायलटांसाठी

सॉर्टी (एक उड्डाणफेरी) संपली की आधी लॉगबुक (पायलटची उड्डाणांची नोंदवही), मग पोहे. संध्याकाळी आठवून लिहिलेले आकडे टेक लॉगशी, म्हणजे विमानाच्या नोंदवहीशी, जुळत नाहीत, आणि लायसन्ससाठी तपासणी होते तेव्हा नेमकं तेच बघतात.

फ्लाइट टाइम म्हणजे फक्त हवेतला वेळ नव्हे. उड्डाणासाठी विमान जागेवरून हललं तेव्हापासून ते परत येऊन पूर्ण थांबलं तोपर्यंत, म्हणजे चॉक्स (चाकांना लावायची अडणी) ऑफ ते चॉक्स ऑन. समजा सेसना १७२ सकाळी ७:१० ला हललं, ७:२२ ला उडालं, ८:२१ ला उतरलं आणि ८:२८ ला थांबलं. नोंद १:१८ ची, हवेतल्या ५९ मिनिटांची नाही. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहायची तर साडेपाच तास वजा करा: ०१:४० ते ०२:५८. पहाटे साडेपाचच्या आधीची सॉर्टी असेल तर यूटीसीत तारीखही आदल्या दिवसाची येते. इथे भलेभले चुकतात.

दुसरी चूक मीटरमुळे होते. हॉब्स मीटर (विमानातला तास मोजणारा मीटर) दशांशात चालतो, ०.१ म्हणजे ६ मिनिटं. वरच्या सॉर्टीत १.३ दिसलं म्हणून १:३० लिहिलंत, तर १२ मिनिटं फुकटची वाढली. अशा ५० सॉर्टींत १० तास खोटे! शिवाय हॉब्स बहुधा इंजिन सुरू होताच पळू लागतो, विमान हललेलं नसलं तरी. म्हणून मीटर पडताळणीला ठेवा, नोंद घड्याळावरून करा. बेरजेतही तेच: ३:४५ आणि १:४० कॅल्क्युलेटरवर ४.८५ दाखवतात; खरं उत्तर ५:२५.

एकटे उडालात तर पीआयसी (पायलट-इन-कमांड), इन्स्ट्रक्टर शिकवत असेल तर ड्युअल. हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून लावायची झापड) लावून फक्त उपकरणांवर ३५ मिनिटं उडवलंत तर ती इन्स्ट्रुमेंटच्या रकान्यात जातात, पण एकूण वेळ १:१८ च राहतो; १:५३ नाही. खऱ्या ढगातली मिनिटं वेगळी लिहा. नुसता आयएफआर (उपकरणांवर उडण्याच्या नियमांचा) फ्लाइट प्लॅन भरला म्हणून इन्स्ट्रुमेंट टाइम मिळत नाही. सिम्युलेटरचे तासही उड्डाणाच्या बेरजेत मिसळू नका.

सूर्य मावळला म्हणजे लगेच रात्र नाही. संधिप्रकाशाची मिनिटं दिवसातच धरा. डिसेंबरात इंदूरला पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, त्यामुळे भोपाळहून परतताना एकाच सॉर्टीचे दिवस-रात्र असे दोन तुकडे पडतात. सीपीएलला (व्यावसायिक पायलट लायसन्सला) रात्रीचे ५ तास पीआयसी आणि १० टेकऑफ, १० लँडिंग लागतात, म्हणून रिमार्कमध्ये लँडिंगची संख्या टाका. ३०० नॉटिकल मैलांच्या क्रॉस-कंट्रीत (लांबच्या उड्डाणात) दोन वेगवेगळ्या विमानतळांवर फुल स्टॉप केल्याचंही, म्हणजे उतरून पूर्ण थांबल्याचंही, तिथेच लिहा.

चुकलं तर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. व्हाइटनर अजिबात नको. पानाची बेरीज आधी पेन्सिलने करून मगच शाईने, आणि बॉलपेननेच. जेल पेनची शाई पावसाळ्यात पसरते. शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षं वही सांभाळावी लागते, तेव्हा पान भरलं की त्याचा फोटो काढून ठेवा.