सोडियम कोबाल्टिनायट्राइट बनवताना आणि वापरताना या चुका टाळा

सोडियम कोबाल्टिनायट्राइट हा पोटॅशियम ओळखण्यासाठी वापरला जाणारा कोबाल्टचा क्षार. बी.एस्सी.-एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये तो बनवायला सोपा समजला जातो. तीन रसायनं, एक बीकर, थोडी हवा आणि शेवटी अल्कोहोल, एवढंच तर लागतं. पण पुस्तकातल्या कृतीत लिहिलेलं ‘रूम टेम्परेचर’ २५ अंशांच्या आसपासचं असतं. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये ते ४० च्या वर असतं, आणि या क्षाराचे निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात. उरलेले निम्मे होतात कोणता भाग ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे नीट न कळल्यामुळे.

आधी कृती. १५ ग्रॅम सोडियम नायट्राइट १५ मिली गरम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि द्रावण ५०-६० अंशांपर्यंत निवू द्या. थोडं नायट्राइट परत खाली बसलं तरी हरकत नाही. त्यात ५ ग्रॅम कोबाल्ट नायट्रेट हेक्साहायड्रेट घाला. मग ५० टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड ५ मिली, थोडं थोडं करत, सतत ढवळत. अर्धा तास जोरात हवा सोडा, दोनेक तास तसंच ठेवा आणि गाळा. गाळून खाली आलेल्या द्रावणात, म्हणजे गाळणात, ते थंड असताना २५ मिलीच्या आसपास अल्कोहोल घातलं की पिवळा-नारिंगी क्षार खाली बसतो.

हवा कोबाल्टसाठी नसते

हवा कशासाठी सोडतात, हा व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास चुकणारा प्रश्न. ‘हवेतल्या ऑक्सिजनने कोबाल्ट दोनचा तीन होतो’, म्हणजे त्याचा धन भार +२ वरून +३ होतो, असं उत्तर येतं. या कृतीत ते काम नायट्राइट स्वतः करतं. एका कोबाल्टमागे सात नायट्राइट लागतात. सहा लिगंड म्हणून, म्हणजे कोबाल्टभोवती, जोडले जातात आणि सातवा ऑक्सिडीकरण करून नायट्रिक ऑक्साइड होऊन निघून जातो. त्यासाठी आम्ल हवंच. हवा मुख्यतः तो वायू द्रावणातून हुसकायला असते. बाहेर आल्यावर ऑक्सिजन मिळाला की त्याचा तपकिरी, विषारी नायट्रोजन डायऑक्साइड होतो, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच करायचं.

हे कळलं की दोन चुका आपोआप टळतात. पहिली, घाईने ॲसिड एकदम ओतणं किंवा ॲसेटिक संपलं म्हणून हायड्रोक्लोरिक वापरणं. तीव्र आम्लात नायट्राइटही फुटतं आणि तयार झालेलं कोबाल्ट-नायट्राइटचं कॉम्प्लेक्सही. दुसरी चूक जास्त त्रासदायक: हवा पाच मिनिटांत बंद करून लगेच अल्कोहोल घालणं. द्रावणात नायट्रस आम्ल शिल्लक असेल तर अल्कोहोलशी मिळून इथिल नायट्राइट होतं. ते १७ अंशांनाच उकळतं, म्हणजे आपल्याकडे तयार होताक्षणी हवेत. गोडसर वास येतो आणि डोकं ठणकायला लागतं. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. मध्येच लाइट गेली आणि पंप बंद पडला, तर ती आल्यावर उरलेला वेळ पूर्ण करा. अल्कोहोल घालण्यापूर्वी बीकर बर्फात ठेवा. मे महिन्यात टाकीचं पाणीच कोमट येतं, नळाखाली धरून काही निवत नाही.

साका ठेवला, गाळण ओतलं

पहिल्या गाळणीत फिल्टर पेपरवर थोडा तपकिरी-पिवळा गाळ राहतो. नायट्राइटमध्ये अशुद्धी म्हणून असलेल्या पोटॅशियम किंवा अमोनियमचा तो न विरघळणारा क्षार. ‘साका (खाली बसलेला घन पदार्थ) मिळाला’ म्हणून विद्यार्थी तो जपून ठेवतात आणि गडद गाळण बेसिनमध्ये ओततात. तुमचा क्षार त्या गाळणात असतो.

याचीच जुळी चूक शेवटी होते. सवयीने साका डिस्टिल्ड वॉटरने धुतला जातो. पोटॅशियमचा क्षार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण सोडियमचा भराभर विरघळतो. बुखनर फनेलवरचा (गाळण्याच्या सच्छिद्र नरसाळ्यावरचा) पिवळा थर डोळ्यांदेखत पातळ होत जातो आणि खाली फ्लास्कमध्ये नारिंगी पाणी साचतं. धुवायचं ते अल्कोहोलनेच. काही कृतींमध्ये शेवटी ईथर सांगितलेलं असतं. ईथर ३४.६ अंशांना उकळतं. खानदेशच्या उन्हाळ्यात बाटलीचं झाकण उघडणंही धोक्याचं, तेव्हा थंड अल्कोहोलचा आणखी एक हात द्या आणि हवेवर वाळवा. अल्कोहोलने ओला क्षार ओव्हनमध्ये ठेवू नका, आग लागू शकते.

उतारा शंभर टक्क्यांच्या वर

५ ग्रॅम कोबाल्ट नायट्रेटपासून जास्तीत जास्त ६.९ ग्रॅम क्षार मिळू शकतो. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये (वहीत) ८ ग्रॅम लिहिलेलं दिसलं की समजावं, सोबत सोडियम नायट्राइट बसलंय. आपण ते गरजेच्या जवळजवळ दुप्पट घेतलेलं असतं आणि अल्कोहोलमध्ये ते फारसं विरघळत नाही. दर ग्रॅमला दीड मिली पाण्यात क्षार विरघळवा, गाळा आणि पुन्हा अल्कोहोलने बसवा. खात्री करायची तर कोबाल्टचं प्रमाण काढा: शुद्ध क्षारात ते १४.६ टक्के असतं. रंगावर विसंबू नका, भेसळ असली तरी पिवळा तो पिवळाच दिसतो.

मातीतलं पोटॅश तपासताना

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही, कारण तिचा निकाल शेतापर्यंत जातो. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातली माती प्रोजेक्टसाठी आणायची आणि कोबाल्टिनायट्राइटने पोटॅश (पोटॅशियम) तपासायचं, ही कल्पना चांगली आहे; पोटॅशियम असेल तर पिवळा साका पडतो. केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि प्रश्न खरा आहे. पण फ्लेम फोटोमीटरसाठी (ज्योतीच्या प्रकाशावरून पोटॅशियम मोजणाऱ्या यंत्रासाठी) मातीचा अर्क अमोनियम ॲसिटेटमध्ये काढतात आणि तोच अर्क या चाचणीला वापरला जातो. अमोनियमही अगदी तसाच पिवळा साका देतो. मग प्रत्येक नमुन्यात पोटॅश ‘भरपूर’ निघतं, आणि त्यावर भरवसा ठेवून कोणी खत कमी केलं तर घड भरत नाहीत. या चाचणीसाठी अर्क सोडियम ॲसिटेट आणि ॲसेटिक ॲसिडच्या द्रावणात काढा. सोबत त्याच द्रावणाचा, माती न घातलेला कोरा नमुना चालवा. तो गढूळ झाला तर दोष मातीत नाही, बाटलीत आहे.

चाचणीचं द्रावण किंचित आम्लधर्मी हवं. अल्कली असेल तर कोबाल्टचं काळपट हायड्रॉक्साइड पडतं. अभिकर्मक, म्हणजे कोबाल्टिनायट्राइटचं द्रावण, ताजाच बनवा. ठेवलेलं द्रावण हळूहळू विघटित होतं आणि गुलाबीकडे झुकू लागलं की ते कामातून गेलं. पोटॅशियम कमी असेल तर नारिंगी द्रावणात फिकट गढूळपणा दिसत नाही. थोडं थांबा किंवा सेंट्रिफ्यूज करून परीक्षानळीचा तळ पाहा.

साठवण आणि टाकाऊ द्रावण

क्षार कोरड्या, गडद रंगाच्या बाटलीत ठेवा आणि अमोनियाच्या बाटलीपासून लांब. सोडियम नायट्राइट दिसायला थेट मिठासारखं असतं आणि काही ग्रॅम पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून बिनलेबलच्या डब्यात ते कधीही काढून ठेवू नका. कोबाल्टचं पाणी बेसिनमध्ये जाऊ देऊ नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा. आणि त्या कॅनमध्ये उरलेलं ॲसिड ओतू नका, नाहीतर तपकिरी वायू खोलीभर पसरेल.